बाळंतपण गडहिंग्लजला, तक्रार बेळगावात

प्रश्न : पहिलं बाळंतपण म्हणून पत्नी माहेरी, गडहिंग्लजला होती. तिथल्या खासगी दवाखान्यात नॉर्मल प्रसूती झाली, मुलीचं वजन ४ किलो १०० ग्रॅम. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. तेव्हापासून तिला उजवा हात उचलता येत नाही. ‘मालिश करा, होईल बरा,’ असं सांगून घरी पाठवलं. मुलगी आता १९ महिन्यांची आहे. आम्ही निपाणी तालुक्यातले. भरपाईसाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का?
— एक वडील

उत्तर : नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दवाखाना महाराष्ट्रात असला तरी तुमची तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालेल. मुलगी अज्ञान (१८ वर्षांखालची) असल्यामुळे तुम्ही पालक म्हणून तक्रारदार व्हाल. शुल्क दवाखान्याला भरलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

घाई मुदतीची आहे. तक्रारीला २ वर्षं मिळतात आणि ती जन्मतारखेपासूनच मोजा, म्हणजे तुमच्या हातात ५ महिने उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. त्यावर विसंबू नका.

पहिलं काम कागदांचं. पत्नीच्या सहीचा अर्ज रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. आईचा आणि बाळाचा, असे दोन्ही केसपेपर मागा. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. प्रसूतीची नोंद, नर्सच्या नोंदी, बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढं सरकली त्याचा आलेख), संमतीपत्र आणि बालरोगतज्ज्ञाची पहिली तपासणी, असं नाव घेऊन लिहा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आंतररुग्णाच्या नोंदी मात्र ३ वर्षंच जपण्याचं बंधन आहे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या, नाहीतर पुढची तारीख त्यातच जाते.

आता मुद्द्याचं. हात खांद्यापासून लोंबतो, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला, अशी ठेवण असेल तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना ताण बसलेला असतो. खांदा अडकणं हा स्वतः निष्काळजीपणा नव्हे. नीट काळजी घेऊनही ते घडतं, आणि नेमक्या याच मुद्द्यावर पुष्कळ तक्रारी कोसळतात. तपासायचं ते पुढचं : डोकं बाहेर आल्याची आणि अंग बाहेर आल्याची वेळ लिहिली आहे का? आईचे पाय पोटाकडे दुमडून ओटीपोटावर, जघनहाडाच्या वर दाब दिला, की वरून गर्भाशयावर दाबलं? वरून दाबलं की खांदा आणखी घट्ट अडकतो. डोकं जोरात ओढलं का? गरोदरपणात साखर तपासली होती का, आणि बाळ मोठं असल्याचा अंदाज सोनोग्राफीत होता का?

दुसरी चूक वेगळी मांडा, कारण ती जास्त भक्कम असू शकते. कोपर वाकवण्याची ताकद ३ महिन्यांत परतली नाही, तर बाळाला नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. ही शस्त्रक्रिया साधारण पहिल्या वर्षातच केली जाते. ‘मालिश करा’ एवढ्यावर ती वेळ निघून गेली असेल तर ते ठळकपणे लिहा. तज्ज्ञाचं लेखी मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये म्हटलंय, तरी तुमच्या प्रकरणात त्याशिवाय पुढं जाऊ नका.

मागणीत आजवरचा खर्च, पुढची फिजिओथेरपी आणि शस्त्रक्रिया, मुलीचं कायमचं अपंगत्व, बुडालेली मजुरी किंवा पगार हे वेगवेगळं लिहा. आईवडिलांच्या मनस्तापाची भरपाई मुलीच्या भरपाईहून वेगळी मागता येते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलंय. आणि निकालाची वाट पाहत व्यायाम थांबवू नका. पोर आधी, खटला नंतर.

प्रश्न : खानापूर भागात सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली, एक रुपयाही घेतला नाही. बाळ जन्मतः रडलं नाही, आता सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा नसणं) सांगतात. आम्हाला दाद नाही का?
— एक आजी

उत्तर : आहे, आजी. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येत नाही, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तुमचा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. त्याआधी सरकारला २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अज्ञान मुलाच्या बाबतीत मुदतीची सवलत असते, पण कागद तेवढी वर्षं थांबत नाहीत, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे आजच मागा.

वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाई, मूल किंवा अपंग व्यक्ती असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका : सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांत कारण प्रसूतीतलं नसतं. म्हणून कळा चालू असताना बाळाचे ठोके दर अर्ध्या तासानं नोंदलेत का, १ आणि ५ मिनिटांचा अपगार स्कोअर (जन्मल्यावर बाळाच्या श्वास, ठोके, रंग, हालचालींना दिलेले गुण) किती, पहिल्या दिवसांत झटके आले का, हे आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. एमआरआय झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही जपून ठेवा.