बँकेत कोटेशन द्यायच्या आधी त्यात स्क्रीनचा प्रकार लिहून घ्या

लातूरच्या दादांची पोस्ट काल रात्री वाचली. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि सोशल मीडियाच्या पोस्टी करायच्यात, कोरल (कोरलड्रॉ, डिझाईनचं सॉफ्टवेअर) आणि फोटोशॉप येतं, बजेट नव्वद हजार, मुद्रा लोन घेतायत आणि बँकेने कोटेशन मागितलंय म्हणून दुकानदाराने एका गेमिंग लॅपटॉपचं कोटेशन दिलंय, ते सोमवारी शाखेत द्यायचंय, "घेऊ का?" असा प्रश्न. खाली बऱ्याच जणांनी आय फाईव्ह की रायझन, 4 जीबी ग्राफिक कार्ड की 6 जीबी यावर भांडण केलंय. ते चालू द्या. तुमच्या कोटेशनच्या फोटोत मला जे दिसलं नाही त्याबद्दल लिहिते, कारण अगदी असंच कोटेशन मी एकदा शाखेत दिलं होतं आणि त्याचे हप्ते नुकतेच संपलेत.

त्या कागदावर प्रोसेसर आहे, रॅम आहे, एसएसडी आहे, ग्राफिक कार्ड दोनदा लिहिलंय, आणि स्क्रीनच्या रकान्यात फक्त "15.6 एफएचडी 144 हर्ट्झ". बस. आता फुल एचडी म्हणजे किती पिक्सेल ते कळलं, 144 हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते कळलं, पण स्क्रीन रंग किती दाखवते ते कुठेच नाही. स्वस्तातल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपना 45 टक्के एनटीएससीवालं पॅनल असतं (पॅनल म्हणजे प्रत्यक्ष स्क्रीन, एनटीएससी आणि एसआरजीबी ही ती किती रंग दाखवते ते मोजायची दोन मापं). म्हणजे ढोबळ मानाने एसआरजीबीतले साठ-पासष्ट टक्के रंग दिसतात, बाकीचे ती स्क्रीन दाखवूच शकत नाही, तुम्ही काहीही करा. आपल्याला लागतं ते 100 टक्के एसआरजीबी, जे काही कंपन्या 72 टक्के एनटीएससी असंही लिहितात, ते जवळपास तेच. गेम खेळणाऱ्या पोराला याने काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

कसा पडतो सांगते. पत्रिकेचा लाल आपण डोळ्याने ठरवत नाही, शाईचे आकडे, मॅजेंटा 100 यलो 100, टाकले की झालं, हे तुम्हाला माहीतच असेल. पण शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या नवरीच्या काकांना ते कसं समजावणार? त्यांना स्क्रीनवर विटकरी दिसतोय, ते म्हणतात "ताई अजून लाल करा ना, कुंकवासारखा". याच्यापुढे लाल नाहीच हो काका, आकडे संपले! मग तीच पीडीएफ घरी जाऊन मोबाईलवर उघडतात, मोबाईलची स्क्रीन भारीतली, आणि फोन येतो की एवढा भडक कशाला केला. पत्रिकेत एक वेळ आकड्यांवर निभतं, फोटोत नाही निभत. एका साहेबांच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स होता, चेहरा मला फिकट दिसत होता म्हणून मी थोडी ऊब चढवली, आणि छापून आला तेव्हा साहेबांचा टोमॅटो झाला होता. कार्यकर्त्यांनी पैसे दिले नाहीत ते नाहीतच, वर तो फ्लेक्स आमच्याच पत्र्यावर अंथरला गेला दोन पावसाळे.

तर मशीन आलं तेव्हा काय झालं ते ऐका. माझ्या कोटेशनवर मॉडेलचं नाव होतं, पण पूर्ण नंबर नव्हता. एकाच नावाच्या लॅपटॉपचे पाच-सहा प्रकार असतात, नंबरच्या शेवटची दोन-तीन अक्षरं बदलतात आणि त्याबरोबर पॅनल बदलतं. दुकानात मांडलेला मी बघितला तो चांगला होता, खोक्यातून निघाला तो दुसरा. मुद्रात पैसे आपल्या हातात येत नाहीत, निदान आमच्या शाखेने थेट दुकानदाराला दिले, आणि मशीन बँकेकडे तारण. दुकानदाराकडे गेले तर म्हणाला पैसे बँकेकडून आलेत, बिल त्यांच्या फाईलला लागलंय, त्यांचं पत्र आणा लगेच बदलून देतो. शाखेत गेले तर साहेब म्हणाले आधी दुकानदाराचं लेखी आणा. ते आणायला गेले तर दुकानदार म्हणतो मी कशाला लिहून देऊ, कोटेशनप्रमाणे माल दिलाय. परत शाखेत. तिथे फाईल काढली, कोटेशन आणि बिल शेजारी ठेवलं, पेनाच्या टोकाने एक एक ओळ जुळवली, रॅम बरोबर, एसएसडी बरोबर, ग्राफिक बरोबर, स्क्रीन एफएचडी आहे ना? आहे. मग तुमची तक्रार काय आहे मॅडम? मी रंगांचं सांगायला लागले तर मागचा माणूस पासबुक पुढे सरकवायला लागला. लोन डिस्बर्स झालंय, आता कोटेशन रिवाइज होत नाही, एवढंच शेवटपर्यंत उत्तर. तोवर दुकानदाराची बदलून देण्याची मुदत गेली आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं की हा डिफेक्ट नाही, पॅनलच असं आहे, कॅलिब्रेट करून घ्या.

कॅलिब्रेट करून घ्या म्हणे! कॅलिब्रेशनने स्क्रीन जे रंग दाखवू शकते ते नीट जागेवर येतात, जे दाखवूच शकत नाही ते कुठून आणणार. हे वाक्य तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल म्हणून सांगून ठेवते. शेवटी पदरचे पैसे घालून बाहेरचा 24 इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनल) मॉनिटर घेतला आणि कामं सुरळीत झाली, पण हप्ता मात्र त्या लॅपटॉपच्या स्क्रीनसकट भरत बसले. बँकेवाले सगळे असेच असतात असं म्हणणार नाही, माझ्या बहिणीला दुसऱ्या शाखेत फार चांगला अनुभव आला, पण कागदावर नसलेली गोष्ट काउंटरवर कोणी ऐकत नाही हे मात्र खरं.

म्हणून आता कोटेशनमध्ये काय हवं. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण. स्क्रीनच्या रकान्यात "आयपीएस, 100 टक्के एसआरजीबी", आणि कंपनीच्या साईटवरचा त्याच नंबरचा स्पेक्सचा कागद मागे जोडून त्यावर दुकानाचा शिक्का. रॅम 16 जीबी असेल तर 8 अधिक 8 दोन स्टिक की एकच 16, की बोर्डवरच सोल्डर केलेली, आणि रिकामा स्लॉट उरतो का, हेही लिहून घ्या. खाली एक ओळ, की यातलं काही बदललं तर ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय दुसरा माल देणार नाही. दुकानदार कुरकुर करेल. जो अजिबातच लिहून देत नाही त्याच्याकडे घेऊ नका, सरळ. आणि मशीन आल्यावर त्याच दिवशी, शक्यतो दुकानातच, एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, मॉनिटरच्या भागात पॅनलचा नंबर सापडतो, तो नेटवर शोधला की किती टक्के ते कळतं. एवढा खटाटोप नको असेल तर मोबाईलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रंग नॅचरल करून तोच फोटो दोन्हीकडे उघडून शेजारी धरा, लाल आणि भगवा बघा, लगेच कळेल. बिलावर सही त्याच्यानंतर.

आता माझं वैयक्तिक मत, कोणाला पटेल न पटेल. तुम्ही घरीच बसून काम करणार असाल तर लॅपटॉप घेऊच नका. त्याच पैशात डेस्कटॉप घ्या आणि मॉनिटर वेगळा निवडा, चांगला आयपीएस 24 इंची दहा-पंधरा हजारांत बसतो (भाव बदलतात, माझ्यावर येऊ नका), उद्या रॅम वाढवायची तर झाकण उघडलं की झालं. ग्राफिक कार्ड? कोरल आणि इलस्ट्रेटरवर पत्रिका करायला वेगळं कार्ड नसलं तरी माझं अडलं नाही. फोटोशॉपच्या काही फिल्टरना आणि एआयवाल्या टूल्सना उपयोग होतो, व्हिडिओ किंवा थ्रीडी करणार असाल तर वेगळी गोष्ट, पण तुम्ही पोस्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही. कार्डाचे पैसे रॅममध्ये घाला. हिशोब करा ना, वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स पूर्ण साईजमध्ये 72 डीपीआयला (इंचाला 72 ठिपके) उघडला तर 17,280 बाय 8,640 पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास पंधरा कोटी, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) एक लेयरच 600 एमबीच्या घरात जातो. त्यावर साहेब, त्यांचे साहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. 16 जीबी कमीत कमी, 32 झाली तर उत्तम, आणि एसएसडीवर जागा मोकळी ठेवा, रॅम संपली की फोटोशॉप तिकडेच पसरतं.

मॅकबद्दल एकाने विचारलंय. मशीन छान असतात, स्क्रीनही. कोरलसुद्धा 2019 पासून परत मॅकवर आहे. पण तुमच्या गावचा प्रेसवाला फाईल कोरलच्या कुठल्यातरी जुन्या व्हर्जनमध्ये मागणार आणि जुन्या कामांचे फॉन्ट श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे असणार, तिथे मॅक घेऊन कशाला डोकेदुखी. श्रीलिपीचा जुना लॉक (यूएसबीला लावायची किल्ली) असेल तर साधं मोठं यूएसबी पोर्ट आहे का तेही बघा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर असलेलं घेऊ नका, विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

अजून एक, याचा कॉम्प्युटर निवडण्याशी तसा संबंध नाही पण नवीन मशीन आलं की पहिल्या आठवड्यात हमखास फोन येतो, "फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी तुटतंय, वेलांटी भलतीकडे जाते, मशीन खराब आहे". मशीन चांगलं आहे. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, जोडाक्षरं जागेवर येतात.

आणि मुद्राच घेताय तर यूपीएस, बाहेरची हार्डडिस्क, कोरलचं लायसन्स हे सगळं त्याच कोटेशनमध्ये टाका, नंतर वाढवून मिळत नाही. 50 हजारांच्या वर गेलं की मुद्राचा शिशु गट सोडून किशोर गटात जातं, ते 5 लाखांपर्यंत आहे, त्यामुळे नव्वदचे एक लाख दहा झाले म्हणून गट बदलत नाही. बाकी मी काही बँकेतली नाही, तुमच्या शाखेत काय चालतं ते विचारून घ्या. ज्यांचं मशीन आधीच असं येऊन पडलंय त्यांनी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. मला तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारच्या आत नवीन कोटेशन मिळालं तर दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर झाकून इथे फोटो टाका, स्क्रीनची ओळ मी बघून सांगते. नाही मिळालं तर सोमवारी जाऊच नका, पुढच्या आठवड्यात जा, शाखा तिथेच असते.