नाथसागराच्या काठी पाणथळात, खोपीत एक रात्र मुलांना घेऊन राहता येईल का? तिथे सोयी काय असतात?

सोयी नसतात, आणि नसाव्यात.

माझं आजोळ जायकवाडी धरणाच्या, म्हणजे याच नाथसागराच्या पाण्यात गेलं. पाणी उतरलं की मामा दरवर्षी तिथेच उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात, हरभरा नाही तर गहू. पाण्याच्या मोटारीवर आणि पिकावर राखण म्हणून धरणाच्या फुगवट्याच्या कडेला त्यांची खोप असते. वर उसाचं पाचट, खाली गवत, दाराशी गोवऱ्यांचा धूर, तोही डासांसाठी. डिसेंबरात पहाटे पाण्यावरून येणारा वारा दोन गोधड्यांतूनही लागतो.

एकदा मेहुणे बरोबर आले होते. त्यांनी हॅलोजन आणला होता, मोटारीच्या लाईनवर जोडायला. मामांनी वायर हातातून काढून घेतली. "उजेड केला तर ते उतरणार न्हाईत. मंग आलात कशाला?"

ते म्हणजे पट्टकदंब हंस. हिमालय ओलांडून येतात, दिवसा पाण्याकडेला विसावतात आणि चरायला बरेचदा रात्रीच पिकात उतरतात. त्या रात्री आधी डोक्यावरून आवाज गेला, मग अंधारात शेंडे तुटल्याचा करकर आवाज येत राहिला. पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यात मामा त्यांना चरू देतात, पुढे सरकले की डबा वाजवतात. नुकसान होतंच, मामा ते बोलूनही दाखवतात. तरी हॅलोजन लावत नाहीत.

मेहुण्यांचं अजूनही म्हणणं आहे की इथे तंबू, दिवे, संगीत आणलं तर गावाला चार पैसे मिळतील. मला ते साफ अमान्य आहे. १९८६ साली इथे जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं ते पक्ष्यांसाठी. गावाला पैसे मिळायचेच असतील तर दिवसा मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांना वाटाड्या म्हणून घ्या, त्यांना रोज कुठे काय उतरतं ते ठाऊक असतं. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, थापट्या हे पक्षी बघायला पहाटेचा उजेड पुरतो. रात्र ज्याला अंधारात नुसतं ऐकत बसता येतं त्याचीच.

मुलांचं विचारलंत म्हणून सांगतो. वरून वाळून भेगाळलेला गाळ खाली लिबलिबीत असतो, माणूस मांडीपर्यंत जातो. शेतकऱ्याच्या पायवाटेबाहेर पाऊल नको. पाचटात घोणस असू शकते, बॅटरी हातात ठेवा आणि फक्त पायाशी मारा. लहान लेकरं असतील तर मुक्काम नकोच, सकाळी या.

आणि हो, अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याची खोप असली तरी ती हद्दीच्या आत की बाहेर, हे आधी विचारा. थंडी सरली की हंस उत्तरेकडे निघतात, त्यामुळे यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या. मेहुण्यांनाही मी हेच सांगतो, फक्त हॅलोजन घरी ठेवून.