इंग्रजीत कॅपिटल कधी, स्मॉल कधी?

प्रश्न फोंड्याकडून आला आहे. देवस्थान समितीला सरकारदरबारी इंग्रजीत अर्ज द्यायचा आहे. त्यात टेंपल, रिव्हर, चीफ मिनिस्टर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एका सभासदाने या सगळ्यांची पहिली अक्षरं कॅपिटल केली, दुसऱ्याने सगळी स्मॉल केली. बरोबर कोण?

शब्द तोच राहिला तरी वाक्यागणिक अक्षर बदलतं, त्यामुळे सरसकट एकच नियम लावता येणार नाही. 'श्री मंगेश टेंपल' हे पूर्ण नाव झालं, तिथे टेंपलचा टी मोठा. पुढच्या वाक्यात नुसतं 'द टेंपल' आलं की तो लहान. 'मांडवी रिव्हर'मधला आर मोठा, पण 'द रिव्हर' म्हणून तिचाच उल्लेख केला तर लहान. 'मांडवी अँड झुआरी रिव्हर्स' अशी जोडी आली की मात्र इंग्रजीतल्या शैलीपुस्तिकांतही एकमत नाही. कुठलीही एक पद्धत धरा आणि अर्ज संपेपर्यंत सोडू नका.

आपली गफलत होते ती देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे. आपण मान देतो तो 'श्री' लावून, 'आले', 'म्हणाले' अशी क्रियापदं वापरून. इंग्रजी लिहायला बसलो की तो सगळा मान कॅपिटलवर येऊन पडतो आणि कमिटी, प्रेसिडेंट, डिव्होटी, सगळेच मोठे होतात. इंग्रजीत कॅपिटल ही मुख्यतः विशेषनामाची खूण आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजही साधी नामं सर्रास मोठ्या अक्षराने लिहीत. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'हॅपिनेस'चा एच मोठाच आहे. जर्मनमध्ये आजही प्रत्येक नाम तसंच लिहितात. इंग्रजीने ती चाल सोडली.

पदांचं थोडं वेगळं आहे. 'चीफ मिनिस्टर दयानंद बांदोडकर' यात पद नावाला चिकटून पुढे आलं, म्हणून मोठं. 'दयानंद बांदोडकर, द फर्स्ट चीफ मिनिस्टर' यात ते नुसतं वर्णन आहे, तिथे प्रमाण शैली लहान अक्षरं घेते. सरकारी पत्रव्यवहारात मात्र पद एरवीही मोठं लिहायची रीत आहे आणि पत्त्यात तर ते मोठंच हवं. अर्जापुरतं तुम्ही खात्याच्या रीतीने जा, असं मी सुचवेन.

'नॉर्थ गोवा' जिल्ह्याचं नाव आहे, तेव्हा एन मोठा. 'नॉर्थ ऑफ पणजी' ही नुसती दिशा, एन लहान. महिने, वार आणि चवथ, शिगमो हे सण मोठे. मान्सून आणि समर लहान. कोंकणी, मराठी ही भाषांची नावं इंग्रजीत कायम मोठी. घरात पोर्तुगीज अमदानीतले कागद असतील तर त्यांवरून मात्र ठरवू नका, कारण पोर्तुगीजमध्ये भाषांची आणि वारांची नावं लहान अक्षराने लिहितात.

आता समितीत जिथे खरा वाद होईल तो शब्द. 'लॉर्ड मंगेश'मधला एल आणि एम मोठा, कारण ते नाव आहे. पण 'प्रिसायडिंग डीटी' (देवळातली मुख्य देवता) हे सामान्य नाम आहे, त्यातला पी आणि डी लहानच लिहा. त्यात देवाचा अवमान होत नाही, हे ज्येष्ठ सभासदांना अर्ज पाठवण्याआधी समजावून सांगा.