कोडवरचा हात काढू नकोस

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. बाळ सात महिन्यांचं, रजेवरून परत येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेत, आणि मॅनेजर म्हणतोय तू आता पीएमओमध्ये (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस) ये, जिरा सॉफ्टवेअरमधली कामांची तिकिटं बघायची, स्टेटस रिपोर्ट पाठवायचे, टेन्शन नाही, सहाला घरी. सासूबाई म्हणतात घे. नवरा म्हणतो तुला पटेल ते कर (त्याच्याकडे मी शेवटी येते). आणि तू विचारतेस, "ताई, घेऊ का?"

नको घेऊस.

तू हुशार आहेस, तुला जमेल वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये. मला एकच सांगायचंय, कोडवरचा हात काढू नकोस. थकलीयस ते कळतंय मला, रात्री दोन-तीनदा उठून सकाळी नऊच्या स्टँडअप मीटिंगला बसणं म्हणजे काय असतं ते मी भोगलंय. मग काम कमी माग ना, तास कमी माग, ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला की कामाला बसणं, नको म्हण, अर्धंच काम घे, पण ते अर्धं कोडचं घे. काम कमी करणं वेगळं आणि कामच बदलून घेणं वेगळं, आणि रजेवरून आलेल्या बाईला नेमकं दुसरंच देतात, तेही काळजी म्हणून.

आमच्या बॅचची एक होती, माझ्याहून कितीतरी पुढे, प्रोग्रॅमिंगमधले पॉइंटर्स मला तिने शिकवले हॉस्टेलच्या गच्चीवर बसून. २००८ च्या मंदीत तिला अशीच सोपी जागा देऊ केली आणि तिने घेतली, तेव्हा सगळ्यांना ते शहाणपणाचंच वाटलं. पुढे ती टीमच बंद झाली. आता इंटरव्ह्यूत विचारतात गेल्या दोन वर्षांत काय बनवलंत, स्क्रीन शेअर करा आणि लिहून दाखवा, आणि हिच्याकडे सांगायला एक्सेल आणि पीपीटी. डेव्हलपर म्हणून घेईनात, आणि टीम कधी चालवली नव्हती म्हणून मॅनेजरही करेनात. अजून भेटली की विचारते, सध्या कशावर काम करतेस गं, सगळं नीट सांग. मी सांगते. मला ते फार जड जातं.

मलाही हेच सांगितलं होतं, २०१० मध्ये. तेव्हा बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांचीच होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चारदा बाळाला बघायला जाता आलं पाहिजे हेही आलं, आणि तू तुमच्या एचआरला अजून विचारलंही नाहीस म्हणे! आजच विचार. तर मला म्हणाले, मॅडम तुम्ही टेस्टिंगचं कोऑर्डिनेशन बघा. मी नाही म्हटलं. मग कोणालाच नको असलेलं एक जुनं बिलिंग मॉड्यूल माझ्याकडे आलं, ते दर महिनाअखेरीला अडकायचं, सर्व्हर रीस्टार्ट केला की परत चालायचं, म्हणून आत कोणी बघतच नव्हतं. ते अडकलेलं असतानाच मी थ्रेड डंप काढला, म्हणजे आत चाललेलं प्रत्येक काम (थ्रेड) नेमकं कुठे थांबलंय त्याची यादी. सगळे थ्रेड एकाच जागी, डेटाबेस कनेक्शनची वाट बघत उभे, आणि कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, रिकामा. मग कोडचा एकेक क्लास उघडून वाचत गेले. एका मेथडमध्ये रेकॉर्ड मिळालं नाही तर मधूनच रिटर्न, म्हणजे तिथूनच बाहेर पडणं, होता, आणि कनेक्शन क्लोज करायची ओळ त्याच्या खाली. महिनाअखेरीला अशी खाती जास्त यायची, दर खात्यामागे एक कनेक्शन अडकून पडायचं. क्लोज फायनलीमध्ये, म्हणजे मधूनच बाहेर पडलं तरी चालतोच त्या भागात, टाकलं, संपलं. (२०११ मध्ये जावा ७ आलं, त्यात ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं, ते क्लोज आपोआप करतं, त्यामुळे तुम्हाला हे हाताने करावं लागत नाही.) त्यानंतर मला कोणी कोऑर्डिनेशन बघा म्हटलं नाही. मी काही फार भांडले म्हणून नाही, ते मॉड्यूल आता फक्त मला कळत होतं म्हणून.

"मुलींना माणसं सांभाळणं छान जमतं" असं तुझा मॅनेजर म्हणाला ना तुला? १९४६ मध्ये एनिअॅक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर लोकांपुढे आणला तेव्हा त्यावर चाललेला तोफगोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज या दोघींनी बसवला होता. त्या रात्रीच्या मेजवानीला त्यांना बोलावलंही नाही. म्हणजे आपल्याला काय जमतं हा प्रश्न तेव्हाच सुटलाय. कोडवरचा हात काढू नकोस.

आणि आता एआय कोड लिहितंच आहे मग कशाला, हे तर तू लिहायलाच नको होतंस. लिहितं, मीही रोज वापरते. पण असा मधला रिटर्न त्यानेही लिहिला तर पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोड आत घेण्याआधीच्या तपासणीत, तो पकडणार कोण? ज्याने स्वतः शोधलाय तोच ना.

याची किंमत पडते, ते लपवत नाही. माझी मुलगी पहिल्या गॅदरिंगला फुलपाखरू झाली होती आणि मी तिथे नव्हते, प्रॉडक्शन रिलीज होतं. आईने काढलेल्या व्हिडिओत ती नाचता नाचता सारखी समोरच्या खुर्च्यांकडे बघतेय. त्याची खंत आहे मला, ती जाणार नाही. पण मी चुकले असं जे नातेवाईक अजून म्हणतात ते मी मान्य करत नाही. तिचा बाबा तेव्हा मिशिगनला ऑनसाइट होता, त्यालाही ते गॅदरिंग दिसलं नाही, त्याला एकानेही विचारलं नाही, उलट कौतुक. मी तर इथेच होते, रोजचा डबा, ताप, लसी, सगळं माझ्याकडे होतं. मी फक्त माझं काम सोडलं नाही. त्यात चूक काय ते मला आजवर कोणी नीट सांगू शकलेलं नाही.

असो. शुक्रवारी मॅनेजरशी वन-ऑन-वन आहे म्हणालीस. त्याआधी मेल टाक, नुसतं तोंडी नको. लिही की मला डेव्हलपमेंटमध्येच राहायचंय, सहा महिने ऑन-कॉल नको, आणि पेमेंटचं जे मॉड्यूल कोणी घेत नाही म्हणालीस ते मला द्या. सॉरी, प्लीज, अॅडजस्ट करते असलं काही लिहायचं नाही. आणि नवऱ्याला सांग, तुला पटेल ते कर म्हणून भागणार नाही, सकाळी बाळाचं आवरून डेकेअरला सोडणं त्याच्याकडे, या सोमवारपासूनच. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना फक्त वेळा सांग. मेलचा ड्राफ्ट आज रात्री मला पाठव, अकरापर्यंत जागी आहे.

तुझी ताई