हायलाइट्सचे सोनेरी केस महिनाभरात पितळी पडतात. जांभळा शाम्पू वापरूनही फरक नाही. काय करावं?

पितळी म्हणजे पिवळे की नारिंगी? ते तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि गाडं तिथेच अडतं. जांभळा शाम्पू पिवळेपणा मारतो. नारिंगीला निळाच लागतो. आपले काळे केस ब्लीच करताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होत जातात. पार्लरवाल्या घाईत नारिंगीवरच थांबतात, वर अ‍ॅश टोनर, म्हणजे झाक लपवणारा राखाडी छटेचा हलका रंग, फासतात आणि पाठवतात घरी. टोनर चार-सहा आठवड्यांत धुऊन जातो, की खालचं सगळं उघडं.

माझं हे भावाच्या लग्नात झालं. महिनाभर आधी पाच तास बसून, साडेसात हजार मोजून राखाडी-सोनेरी करून घेतले होते. हळदीच्या दिवशी डोकं म्हणजे चिंचेने घासलेला बंब! आत्याने भर मांडवात विचारलं, "काय गं, हळद केसांनाही लावलीस?" अजून दर दिवाळीला तेच.

पार्लरवाली म्हणे, "मॅडम, तुमच्या सोसायटीचं पाणी खराब." आणि बाराशेची जांभळी बाटली गळ्यात मारली. महिनाभर चोळली. केस होते तसेच, बाथरूमचा मग तेवढा जांभळा झाला.

पाणी अगदीच निर्दोष नसतं, हे मान्य. बोअरच्या पाण्यातलं लोह आणि तांबं केसांवर बसतं, रंग बिघडवतं. महिन्यातून एकदा चिलेटिंग शाम्पू, म्हणजे केसांवर बसलेले हे धातू काढणारा शाम्पू, लावा, शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. उन्हात स्कार्फ बांधा, स्ट्रेटनर कमी फिरवा. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्याच टाकीच्या पाण्याने न्हातात आणि त्यांचे हायलाइट्स तीन महिने टिकले. त्यांच्या पार्लरवालीने केस दोन बैठकांत, फिक्या पिवळ्यापर्यंत नेले होते. आता बोला!

तेव्हा पुढच्या वेळी टोनर लावण्याआधी आरसा मागा आणि खालचा रंग स्वतः बघा. नारिंगी दिसला तर उठू नका. निळा शाम्पू आठवड्यातून एकदाच, रोज लावलात तर केस काथ्यासारखे होतील.

हो, एक राहिलं. माझ्या केसांना कॉलेजपासून मेंदी होती. मेंदी ब्लीचने पुरती निघत नाही, नारिंगी झाक राहतेच. तुमचंही तसं असेल तर आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं. पण साडेसात हजार घेणाऱ्या बाईने विचारायला नको?