प्रश्न वाचकांचे : बँकेची नोकरी, दोन मुले आणि कॉम्रेड्सची तयारी

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून साताऱ्यात बँकेत नोकरी करते. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन साडेचार तासांत पूर्ण केली आणि जूनमधील दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्स शर्यतीसाठी नाव नोंदवले आहे. मिळालेले सराव-तक्ते आठवड्यातून सहा दिवस धावायला सांगतात. घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुले आहेत, यजमानांची कारखान्यातील पाळी बदलत असते आणि मला शाखेतून निघायलाच सात वाजतात. गेले दोन आठवडे पहाटे साडेतीनला उठून पाहिले, तर काउंटरवर डोळे मिटू लागले. हे जमेल का?

उत्तर : जमेल, मात्र साडेतीनचा गजर आधी बंद करावा. झोप तोडून केलेला सराव अंगी लागत नाही आणि दुखापत मात्र लवकर होते. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधील सुमारे ८८ किलोमीटर अंतर १२ तासांत संपवायचे, म्हणजे किलोमीटरमागे आठ मिनिटे मिळतात. आपण मॅरेथॉन साडेसहा मिनिटांच्या आतील गतीने धावला आहात, तेव्हा वेगाची चिंता नको. (वेळेची मात्र असावी, बारा तास होताच धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडली जाते आणि रेषेपासून दोन पावलांवर असलेल्यालाही आत घेत नाहीत.)

आपला तक्ता बँकेच्या सुट्ट्यांवरच बेतावा, असे मी सुचवेन. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून त्या शनिवारी ३० आणि लगेच रविवारी, पाय जड असतानाच, १५ ते २० किलोमीटर धावावे. थकलेल्या पायांनी पुढे जात राहणे हीच या शर्यतीची खरी परीक्षा असते. मधल्या आठवड्यात फक्त रविवारी २० किलोमीटर पुरेत. मार्चअखेरीस शाखेत काय परिस्थिती असते ते मी आपल्याला सांगायला नको, त्यामुळे तो आठवडा आरंभीच विश्रांतीचा म्हणून लिहून टाकावा, म्हणजे सराव बुडाल्याची रुखरुख राहणार नाही.

आठवड्यातील दोन संध्याकाळी शाखेतून घरी धावतच यावे. सकाळी रिक्षाने जावे, बदलायचे कपडे आणि बूट शाखेतील कपाटात ठेवावेत आणि पाठीवरच्या पिशवीत रिकामा डबा खडखडू नये म्हणून त्यात एक रुमाल कोंबावा. घर जवळच असेल, तर थोडा वळसा घालावा. एवढ्या दोन धावा आणि एका सकाळचा अर्धा तास व्यायाम, यापलीकडे कामाच्या दिवसांत काही ठेवू नये.

आपल्याला यवतेश्वरचा घाट लाभला आहे, ही मोठी सोय आहे. चढ खुशाल भरभर चालत चढावा, उतार मात्र धावत आणि जपून उतरावा, कारण कॉम्रेड्सचे वर्ष चढाचे असो वा उताराचे (शर्यतीची दिशा साधारणपणे दरवर्षी उलटते), मांड्या निकामी करतो तो उतारच. एप्रिल-मे महिन्यांत, सर्वांत लांब धावेचा दिवस सोडता, ऊन तापण्याआधी सकाळी आठच्या आत घरी यावे. पाणी तहानेप्रमाणे प्यावे आणि सोबत लिंबू, मीठ, साखर घ्यावी, कारण तासन्‌तास नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरून जिवावर बेतू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते, ते कटाक्षाने टाळावे.

सर्वांत लांब धाव मेच्या दुसऱ्या शनिवारी ठेवावी : कासपर्यंत जाऊन परत, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर. त्यानंतर अंतर उतरते ठेवावे. त्या एका दिवशी साडेतीनचा गजर लावायला माझी हरकत नाही, पण आदल्या रात्री नऊला झोपावे आणि यजमानांची तेव्हा रात्रपाळी येत नाही ना, हे आजच पाहून घ्यावे. घाटात अंधार असतो, वर गवेही दिसतात, आणि पाणी घेऊन दुचाकीवरून मागे येणारे घरचे माणूस सोबत हवेच.