दारात आलेली मुलगी

प्रश्न : ताई, आमच्या शेजारी परदेशातून आश्रय मागायला आलेलं एक कुटुंब राहतं. आम्ही पाच जणांनी कपडे, भांडी जमवून नेऊन दिली. दारात दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. सगळ्यांच्या वतीने तीच बोलते, आई बाहेरच येत नाही. आमचं काही चुकलं का? पुढे काय करावं?
— एक वाचक

उत्तर : तुम्ही गेलात, हे फार चांगलं केलंत. फक्त पाच जण एकदम नको होतात. दारावर थाप पडली की काळजात धस्स होणारी माणसं असतात ही. पुढच्या वेळी एकट्याच जा, आधी निरोप देऊन.

आणि त्या मुलीकडून दुभाष्याचं काम करून घेऊ नका, हे कळकळीने सांगते. १९५१च्या निर्वासितविषयक करारानुसार निर्वासित ठरायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होण्याची साधार भीती असावी लागते. पुरावे मागे राहिलेले असतात, त्यामुळे बहुतेक सगळी भिस्त सांगण्यावर. बापाला कसं नेलं, आईवर काय गुदरलं, हे लेकराच्या तोंडून वदवून घ्यायचं?

मी एका इथिओपियन बाईंच्या सोबतीला वर्षभर जात होते. त्यांच्या नवऱ्याला नेलं तो दिवस तेराव्या महिन्यातला. त्यांच्या कालगणनेत बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा जेमतेम पाच-सहा दिवसांचा. सालही इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. एका कागदावर तारीख बदलून लिहिली गेली, दुसऱ्यावर साल तसंच राहिलं. ‘जबाबात विसंगती’ असा शेरा पडला. बाई बोटांवर महिने मोजून दाखवत होत्या, तेराव्याला बोट थांबायचं आणि डोळे भरायचे. शेवटी ती भाषा जाणणाऱ्या दुभाष्याने दोन्ही तारखा शेजारी-शेजारी मांडून वकिलांना दिल्या, तेव्हा उलगडा झाला.

तेव्हा त्यांची कहाणी तुम्ही विचारू नका. सांगावीशी वाटली तर त्या सांगतील. विचारायचं ते टपालाचं. न कळलेली, न उघडलेली पाकिटं घरात पडून असतात आणि त्यांतच मुलाखतीची किंवा अपिलाची मुदत असते. ती मुदत टळली, तर धोक्याच्या जागी परत न पाठवण्याचं जे संरक्षण करारातल्या कलम ३३ने दिलंय, ते मिळवणंच अवघड होऊन बसतं. पत्रं त्यांनाच उघडू द्या. सल्ला मात्र तुम्ही देऊ नका, मोफत कायदा सल्ला केंद्रात सोबत जा. तिथे तासन् तास बसावं लागतं, तेवढा वेळ मुलीला कोणी सांभाळलं तर केवढा आधार होतो!

आणखी एक. मदत करतानाचे फोटो कुठेही टाकू नका. मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेतू शकतं.

मुलगी पुन्हा दारात आली, तर तिला तिच्या शाळेतलं काहीतरी विचारा.